बार्शी लाईट, ॲडलर आणि अण्णा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे दोन-तीन जणांनी विचारलंही, ब्लॉग गुंडाळलास की काय म्हणून. गुंडाळला नाही, पण गेले दोन महिने एकाच गोष्टीभोवती घुटमळत होतो आणि ती इथे लिहावी की नाही हे ठरत नव्हतं. घरातली मंडळीही इथे वाचतात. आत्या स्वतः वाचत नाही, पण तिची नात तिला वाचून दाखवते. त्यामुळे जरा जपूनच!

सुरुवात माझ्या सगळ्यात जुन्या आठवणीपासून करतो.

साल १९७२. मी पाच वर्षांचा. जागा ढोकी स्टेशन. बार्शी लाईटची छोटी गाडी उभी आहे, इंजिनाचा धूर येतोय, अण्णांच्या हातात पत्र्याची ट्रंक. दुष्काळाने शेत करपलंय आणि अण्णा पुण्याकडे काम शोधायला निघालेत. गाडी हलते. मी गाडीबरोबर पळतो. (ती गाडी सुटताना इतकी हळू सुटायची की पाच वर्षांचं पोरही थोडा वेळ बरोबरीने पळू शकायचं!) अण्णा डब्याच्या दारात उभे आहेत, तोंड आतल्या बाजूला. ते मागे वळून बघत नाहीत.

बस. आठवण इथे संपते.

ही आठवण मी आयुष्यात किती जणांना सांगितली असेल याची गणती नाही. लग्नाआधी बायकोला सांगितली, हॉस्टेलवर मित्रांना सांगितली. माझ्यातल्या बऱ्याच खोडींचं मूळ मी त्या स्टेशनवर नेऊन ठेवलंय. कुठल्याही गाडीला तासभर आधी जाऊन बसतो, त्याचं. माणसांवर चटकन विश्वास टाकत नाही, त्याचं. आणि मुख्य म्हणजे अण्णांशी शेत-पाणी-पाऊस यापलीकडे बोलणं होत नाही, त्याचं. लहानपणी असं झालं ना, म्हणून! हे वाक्य इतकं सोयीचं होतं की पन्नास वर्षांत त्याला एकदाही हात लावून बघितला नाही.

तो हात लागला एका पुस्तकामुळे. भाचीने वाढदिवसाला दिलं. 'द करेज टू बी डिसलाइक्ड' नावाचं, इचिरो किशिमी आणि फुमिताके कोगा या दोन जपानी लेखकांचं. जपानीत २०१३ साली आलं आणि मग जगभर खपलं. एक चिडका तरुण आणि एक शांत तत्त्वज्ञ यांचा संवाद आहे. तत्त्वज्ञ त्याला सांगतो की तुझ्या आजच्या वागण्याचं कारण तुझ्या भूतकाळात नाही, तुझ्या आजच्या हेतूत आहे. आयुष्य ही एक सलग रेघ नसून क्षणांचे ठिपके आहेत, आणि जगायचं ते आत्ताच्या ठिपक्यात.

खरं सांगू? मला राग आला. दारात उभं राहून मागे न बघणारे अण्णा मी काय हेतूने बनवले होते? पुस्तक मिटून ठेवलं. पण भाचीचा फोन येणार आणि ती विचारणार, म्हणून ज्याच्या नावावर हे सगळं चाललंय तो आल्फ्रेड ॲडलर नेमका कोण होता ते बघायला लागलो. आणि त्यातच अडकलो.

ॲडलरचा जन्म ७ फेब्रुवारी १८७० चा, व्हिएन्नाच्या वेशीवरच्या एका उपनगरात. बाप धान्याचा व्यापारी. पोरगं मुडदुसाने बेजार. चार वर्षांचा होण्याच्या सुमाराला त्याचा धाकटा भाऊ घटसर्पाने गेला, तो याच्या शेजारच्या बिछान्यात. पाचव्या वर्षी याला स्वतःला न्यूमोनिया झाला आणि डॉक्टर बापाला सांगतोय की पोरगा काही वाचत नाही, हे त्याने आपल्या कानांनी ऐकलं. वाचला. आणि ठरवलं की डॉक्टर व्हायचं. १८९५ मध्ये झालाही. त्याचं पहिलं छोटं पुस्तक (१८९८) मनाविषयी नाहीच, शिंप्यांच्या तब्येतीविषयी आहे. कोंदट खोल्या, वाकून काम, त्यातून येणारे आजार. हे वाचल्यावर माणूस जरा जवळचा वाटायला लागला.

१९०२ मध्ये फ्रॉइडने आपल्या बुधवारच्या बैठकांना बोलावलेल्या पहिल्या चार-पाच जणांत हा होता. १९११ मध्ये दोघांचं फाटलं. फ्रॉइड विचारायचा, हे कशामुळे झालं? ॲडलर विचारायचा, हे कशासाठी चाललंय? मराठीत 'कशामुळे' आणि 'कशासाठी' यांत फारसं अंतर दिसत नाही, पण त्या फरकापायी दोघं पुन्हा एकमेकांच्या वाटेला गेले नाहीत.

पहिल्या महायुद्धात ॲडलर लष्करी डॉक्टर होता. बरे झालेले सैनिक पुन्हा आघाडीवर पाठवण्याजोगे आहेत की नाहीत हे ठरवायचं काम. त्या कामाने त्याची झोप उडाली असं म्हणतात. परत आला तो एक शब्द घेऊन. त्याला मराठीत सरळ प्रतिशब्द नाही. 'आपण सगळ्यांतले एक आहोत ही जाणीव' असं काहीसं. मग १९२० च्या दशकात त्याने व्हिएन्नाच्या शाळांमधून मुलांसाठी सल्ला केंद्रं चालवली. शिक्षक, आईबाप, मूल, सगळे समोर बसलेले आणि हा मुलाशी बोलतोय. १९३४ मध्ये तिथल्या हुकूमशाही सरकारने ती बंद पाडली.

आता मुद्द्याचं. ॲडलर प्रत्येकाला त्याची सगळ्यात जुनी आठवण विचारायचा. पण ती खरी की खोटी याच्याशी त्याला देणंघेणं नसे. हजारो गोष्टी घडल्या, त्यातली हीच का जपून ठेवलीस, आणि आज ती तुझ्या काय कामाला येते, एवढंच तो बघायचा. आणि हे त्याला कळलं ते स्वतःवरून. त्याला पक्कं आठवायचं की लहानपणी शाळेच्या वाटेवर एक दफनभूमी होती. बाकी पोरं खुशाल ओलांडून जायची, याला भीती वाटायची. मग एक दिवस त्याने ती भीती मोडायची म्हणून दफनभूमीतून पुन्हा पुन्हा इकडून तिकडे पळून घेतलं. पुढे मोठेपणी शाळेतला एक जुना सोबती भेटला, त्याला विचारलं. तो म्हणाला, तिथे दफनभूमी कधी नव्हतीच!

हे वाचलं आणि मी आत्याला फोन लावला.

आत्या बार्शीला असते. वय ऐंशीच्या पुढे, पण डोकं लख्ख. १९७२ साली ती आमच्याच घरी होती. मी माझी आठवण सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आरं, अर्धंच आठवतंय की तुला. म्होरलं?"

"म्होरलं काय?"

"तुझा बाप तडवळ्याला उतरला न्हवं का. रुळारुळानं चालत रातीचा परत आला. तू रडून रडून झोपला व्हतास. तुला पोटावर घिऊन पडला रातभर. आन् पहाटं तू उठायच्या आत ट्रकमधी बसून गेला. तुला कळलंच न्हाई."

तडवळं म्हणजे ढोकीहून बार्शीकडे जाताना लागणारं स्टेशन. फोन ठेवला आणि बराच वेळ बसून राहिलो. पोटावर घेऊन पडलेले अण्णा मला आठवत नाहीत, झोपलो होतो ना. पण दुसऱ्या दिवशी आईने, आत्याने सांगितलं असणारच. आमच्या घरात असल्या गोष्टी शंभर वेळा सांगितल्या जातात. म्हणजे मी ऐकलं असणार आणि ठेवलं नसणार. अर्धी आठवण ठेवली, अर्धी टाकली. ॲडलरचा प्रश्न इथे येतो. ती अर्धी आज माझ्या काय कामाची?

उत्तर द्यायला लाज वाटते, पण देतो. ती असली की ढोकीला जायला लागत नाही.

अण्णा १९९७ ला निवृत्त होऊन गावी परतले, आई गेली २०१६ मध्ये, आता ते ८६ वर्षांचे आहेत आणि एकटे राहतात. पुण्याला यायला तयार नाहीत. मी म्हणतो, निवृत्त झालो की महिना-महिना येऊन राहीन. गेली दहा वर्षं म्हणतोय.

या 'झालं की'ला आमच्याकडे मोठी परंपरा आहे. बार्शी लाईटचंच घ्या. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची ही रेल्वे, रूळ अडीच फुटी. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी, मग निजामाच्या हद्दीत शिरून १९११ पर्यंत लातूर. १९५४ मध्ये सरकारने विकत घेतली. आणि आमचं अख्खं बालपण मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकण्यात गेलं, ब्रॉडगेज झाली की बघा. ब्रॉडगेज झाली की माल थेट मुंबईला. ब्रॉडगेज झाली की गावात धंदे येतील. पोरीला स्थळं येतील, इथपर्यंत! २००८ मध्ये कुर्डुवाडी-लातूर पूर्ण ब्रॉडगेज झाली. तोवर म्हणणारे बरेचसे उरले नव्हते. मग साखर कारखाना मधली काही वर्षं बंद होता, तेव्हा गावात नवीन वाक्य आलं, कारखाना सुरू झाला की. मी हसतोय असं समजू नका. पोटाचा प्रश्न होता आणि वाट बघण्यावाचून दुसरं काही हातात नव्हतं, अशीही माणसं त्यात होती. पण वाट बघण्याच्या आडोशाला बसलेलीही होती. मी तर पुण्यात बसून तेच करत होतो.

ॲडलर रुग्णांना एक प्रश्न हमखास विचारायचा. समजा तुझा आजार उद्या गेला, तर तू काय करशील? माणूस सांगायचा, मग मी नोकरी धरेन, मग मी लग्न करेन. ॲडलर समजायचा की हा टाळतोय ते हेच. आजार त्याच्यासाठी उभा आहे. मी स्वतःला विचारलं, ती स्टेशनची आठवण नसती तर काय केलं असतंस? अण्णांजवळ जाऊन बसलो असतो. मग बस की!

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. क्षणांचे ठिपके वगैरे जे त्या जपानी पुस्तकात आहे ते बरंचसं किशिमींचं आहे. ते ग्रीक तत्त्वज्ञानाचे अभ्यासक, त्यामुळे त्यात ॲरिस्टॉटलही मिसळलाय. मूळ ॲडलरचा माणूस सतत पुढच्या ध्येयाकडे तोंड करून चालणारा आहे. पण ते ध्येय बदलायचं झालं तर ते आजच बदलता येतं, कालच्या आणि उद्याच्या दिवसाला हात पोचत नाही. आणि आज म्हणजे तरी काय? त्याच्या लेखी तीनच कामं: उद्योग, मैत्री आणि प्रेम. डोळे मिटून बसणं त्यात नाही. (आपल्याकडे हा विचार वेगळ्या दाराने आधीच आलाय. अल्बर्ट एलिस आपल्यावरचं ॲडलरचं ऋण मान्य करायचा, आणि त्या एलिसचं विवेकनिष्ठ मानसशास्त्र मुंबईच्या कि. मो. फडक्यांनी मराठी वाचकांपर्यंत आणलं. तेव्हा जपानहून काही अगदीच नवीन आलं असं नाही.)

'आत्ताच्या क्षणात बुडून जा' असं हल्ली जो तो सांगतो. ते ऐकलं की मला तेर आठवतं. ढोकीहून लातूरकडे निघालं की जवळच तेर. जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात नाव असलेली बाजारपेठ. पण आमच्यासाठी ते गोरोबाकाकांचं तेर. तेरणेच्या काठी समाधी, चैत्रात यात्रा. लहानपणी आजीबरोबर जायचो. काका चिखल तुडवतायत, मुखी विठ्ठल, देहभान नाही. बायको पाण्याला गेलेली, रांगतं लेकरू चिखलात आलं आणि पायाखाली गेलं. पुढे विठ्ठलाने लेकरू परत दिलं, ती कथा तुम्हाला माहीत आहे. कीर्तनकार हे भक्तीची पराकाष्ठा म्हणून सांगायचे आणि बाया डोळ्यांना पदर लावायच्या. आजी मात्र प्रत्येक वेळी एकच म्हणायची, "त्या माउलीचं काय झालं आसंल?" गोरोबाकाकांवर बोट ठेवायची माझी पायरी नाही. पण क्षणात बुडालेल्या माणसाच्या पायाखाली काय आहे हेही कुणीतरी बघायला हवं, हे मला त्या कथेतूनच कळलं. ॲडलरची ती जाणीव म्हणजे आजीचा प्रश्नच की!

आणि मीही बुडालेलाच होतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं ते आठवतंय? पहिली गाडी १२ एप्रिलला लातुरात पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती ढोकीवरूनच गेली. अण्णांचा फोन आला. "पाण्याची गाडी बघून आलो. बहात्तरला असं काही नव्हतं बघ. ये एकदा, तुझी आई आठवण काढतीय." मी ऑफिसच्या कामात पूर्ण एकाग्र! म्हटलं, एवढा महिना जाऊ द्या, मग निवांत येतो. ऑगस्टमध्ये आई गेली.

आता दुसरी बाजू. भूतकाळ माणसाला बांधत नाही, हे ॲडलरचं म्हणणं मी कुणाच्याही तोंडावर म्हणू शकणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपलेले. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं जमीनदोस्त झाली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. ढोकीलाही घरं हादरली, आई-आत्या अंगणात धावल्या. ज्यांनी दगडाखालून आपली माणसं काढली त्यांना मी काय सांगू, तुमची आठवण कशासाठी आहे म्हणून? ॲडलरला हे कळत नव्हतं असं नाही. त्याची थोरली मुलगी वाली मॉस्कोत होती. १९३७ च्या सुरुवातीला तिला अटक झाली आणि तिच्याकडून पत्र येईना. ब्रिटनमध्ये गावोगाव व्याख्यानं देत फिरणारा हा माणूस, लोकांना धीर देणारा, त्याला रात्री झोप लागत नव्हती. २८ मे १९३७ ला स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला सकाळी फिरायला बाहेर पडला आणि रस्त्यात कोसळला तो गेलाच. वाली पुढे १९४२ मध्ये छावणीत वारली, हे त्याला कधीच कळलं नाही. त्याची रक्षासुद्धा हरवल्यासारखी एडिनबरोत पडून होती, २००७ मध्ये सापडली आणि २०११ मध्ये व्हिएन्नाला गेली. त्याच्या पुस्तकांपेक्षा मला ही शेवटची दोन-तीन पानं जास्त पटतात. पत्राची वाट बघत रात्र काढायची आणि सकाळी उठून समोरच्या माणसांशी बोलायचं.

असो. मागच्या महिन्यात ढोकीला गेलो. मुद्दाम परतीचं तिकीट काढलं नाही. (बायकोला हे आधी पटलं नाही!) अण्णा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मीही बसलो. तासाभराने धीर करून विचारलं, "अण्णा, बहात्तरला तुम्ही पुण्याला निघालात, तेव्हा तडवळ्याला उतरून परत आला होतात?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. "तडवळ्याला? तिथं एक्केचाळीस साली आंबेडकर आले होते, परिषदेला. आमचे वडील सांगायचे."

"ते नाही. तुम्ही."

"मला नाही बुवा आठवत. आत्या म्हणती तर उतरलो असंल." चार शेंगा फोडल्या. "ट्रंक आठवती. कुलूप बिघडलेलं होतं तिचं. सुतळीनं बांधली होती. गाडी हलली तशी सुटाय लागली, सगळं सामान पडलं असतं. ती दाबून धरून उभा होतो, पार तडवळं येईस्तोवर."

मी काही बोललो नाही. ते म्हणाले, "ट्रंक हाय अजून माळ्यावर. काढ बरं."

काढली. गंजलीय, पण कडी-कोयंडा शाबूत आहे. आत आईची दोन लुगडी आणि १९८० च्या आसपासच्या पावत्या निघाल्या. अण्णांनी पावत्या एकेक करून वाचल्या, कुठलं बी कुणाकडून आणलं ते सांगितलं. संध्याकाळी स्टेशनवर जाऊ म्हणाले, पण पाऊस आला. दुसऱ्या दिवशी गेलो. एक मालगाडी थांबून होती. अण्णा म्हणाले, डबे मोज. मी पुढून मोजले, त्यांनी मागून. माझे बेचाळीस झाले, त्यांचे त्रेचाळीस. परत मोजायच्या आत गाडी सुटली.